चार रकाने

विमानात माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला थोड्या वेळाने माझी शंका यायला लागते. मी खिडकीबाहेर बघते, मनगटावर बघते, पर्समधून एक छोटी वही काढते आणि काहीतरी टिपून वही पुन्हा आत टाकते. विमानाने धावपट्टी सोडली की पुन्हा तोच प्रकार. एकदा एका आजोबांनी न राहवून विचारलंच, "तुम्ही कंपनीकडून तपासणीला आलाय का?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्यांची तक्रारींची यादी तोंडपाठ तयार होती बहुतेक.

वहीत चार रकाने आहेत. निघालं, उडालं, टेकलं, थांबलं. विमान जागेवरून हललं ती वेळ, चाकं जमिनीवरून सुटली ती, परत जमिनीला लागली ती आणि शेवटी आपल्या जागेवर जाऊन उभं राहिलं ती. बस्स, एवढंच. भाडं नाही, जेवण काय होतं ते नाही, शेजारी कोण होतं तेही नाही. कधी सुरू केलं ते आठवत नाही आणि का सुरू केलं हेही धड सांगता येणार नाही. बरेच दिवस हे माझंच खूळ आहे अशी माझी समजूत होती. मग कधीतरी कळलं की विमानवाल्यांच्या जगात नेमक्या याच चार वेळा नोंदवतात: आउट, ऑफ, ऑन, इन. बहुतेक मोठी विमानं या वेळा स्वतःच टिपून कंपनीला कळवतात. ब्रेक सुटला, चाकांवरचा भार गेला, भार परत आला, ब्रेक लागला. माझी वही वाया गेली म्हणायची. तरी मी लिहिते.

पहिल्या आणि चौथ्या रकान्यातल्या अंतराला त्यांच्या भाषेत ब्लॉक टाइम म्हणतात. उभ्या विमानाच्या चाकांना अडण्या लावतात, त्या काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा वेळ. तिकिटावर छापलेला असतो तो हा. विमान हवेत असतं तो वेळ म्हणजे मधले दोन रकाने. आणि 'या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत किती वेळ लागेल' असं संगणकाला विचारलं की तो देतो ते उत्तर यांपैकी कशातच बसत नाही. बहुतेक ठिकाणी सरळ अंतर घेतात, त्याला ताशी आठशे किलोमीटरच्या आसपासच्या एखाद्या वेगाने भागतात आणि चढण्याउतरण्यासाठी वर अर्धा तास टाकतात. अंदाज म्हणून वाईट नाही. पण या उत्तरावर विसंबून कोणाला घ्यायला निघू नये.

हे सगळं पुन्हा उकरून काढलं माझ्या भाचीने. मनू अकरा वर्षांची आहे. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, कामासाठी न्यूयॉर्कला गेली होती आणि तेवढे दिवस मनू माझ्याकडे होती. फ्रिजवर चुंबकाखाली आईच्या तिकिटाची प्रत लावलेली. लंडनला विमान बदलून पुढे न्यूयॉर्क, परतीला तोच रस्ता उलटा. शाळेत वेग, वेळ, अंतर नुकतंच झालेलं. म्हणजे दारूगोळा तयारच होता.

लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफकेपर्यंतचं अंतर तिने शोधलं, ५,५४० किलोमीटर. मग तिकिटावरच्या वेळा बघितल्या. लंडनहून सकाळी दहाला निघून दुपारी एकला न्यूयॉर्क. तीन तास. भागाकार केला आणि ओरडत आली, "मावशी, आईचं विमान ताशी अठराशे किलोमीटरने गेलं! आवाजापेक्षा जोरात!" परतीचं विमान संध्याकाळी सातला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लंडनला. बारा तास. म्हणजे ताशी साडेचारशेच्या आसपास. जाताना तोफेचा गोळा आणि येताना बैलगाडी.

मी तिला दोन्ही शहरांच्या घड्याळांमधला पाच तासांचा फरक समजावून सांगितला. तिने तीनात पाच मिळवले, बारातून पाच काढले. आता जायला आठ तास, यायला सात. जाताना ताशी सुमारे ६९० किलोमीटर, येताना ७९०. म्हणजे सगळं उलटं झालं. मघाशी परतीचं विमान रेंगाळत होतं, आता तेच पुढे. मनूने पेन्सिल चावत विचार केला आणि म्हणाली, "पायलटला पण घरी जायची घाई असेल."

हा खुलासा मला इतका आवडला की खरा सांगायला जिवावर आलं.

पण आधी त्या ५,५४०चं बघायला हवं. मनूने दुसऱ्या दिवशी दुसरीकडे शोधलं तर तिथे ५,५५५ निघाले. पंधरा किलोमीटर कुठून आले? विमानतळ तर जागचे हलले नव्हते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिल्याने पृथ्वी गुळगुळीत गोल धरली, ६,३७१ किलोमीटर त्रिज्येची. दुसऱ्याने ती आहे तशी, ध्रुवांपाशी किंचित दबलेली धरली. गोल धरण्यातली चूक फार तर अर्ध्या टक्क्याच्या घरात जाते आणि आपल्यासारख्यांना तिने काही फरक पडत नाही. त्यात हे दोन्ही आकडे जमिनीवरचे. विमान उडतं दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून, म्हणजे थोड्या मोठ्या गोलावरून. त्या हिशेबाने याच प्रवासात आणखी नऊएक किलोमीटरची भर पडते. पाठ्यपुस्तकाने 'अंतर' हा शब्द किती बिनधास्त वापरलाय हे मनूला तिथे पहिल्यांदा जाणवलं असावं, कारण तिने वहीत 'अंतर' खोडून 'साधारण अंतर' केलं.

गोलाकार पृथ्वीवरचं हे सगळ्यात जवळचं अंतर काढायचं सूत्र आहे, त्याचं नाव हॅवरसाइन. नाव परकं वाटतं, पण घराणं ओळखीचं निघतं. वर्तुळाचा तुकडा म्हणजे धनुष्य, त्याची दोरी म्हणजे ज्या आणि दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या पोटापर्यंतचा बाण म्हणजे शर. आपल्या जुन्या गणितज्योतिषात कोनांचे हिशेब याच शब्दांत चालत. 'ज्या'चं अरबीत गेल्यावर जीबा झालं, तिथे ते जैब असं वाचलं गेलं, लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर सायनस झालं आणि शाळेत ते आपल्याकडे साइन होऊन परत आलं. आणि शर, ज्याला उत्क्रमज्या असंही म्हणत, तो म्हणजे व्हर्साइन. त्याचा अर्धा केला की हॅवरसाइन. दर्यावर्दींच्या सोयीसाठी हे नाव १८३५ मध्ये जेम्स इनमन यांनी रूढ केलं. संगणकावर दोन विमानतळांची नावं टाकून आपण बटण दाबतो तेव्हा आत कुठेतरी अर्धा बाण मोजला जात असतो. मला हे कळलं त्या दिवशी मी ते चार जणांना सांगितलं. चौघांनीही 'हो का' म्हणून विषय बदलला.

मनूला सूत्र नको होतं, तिला दिसायला हवं होतं. मग माळ्यावरून पृथ्वीचा गोल काढला. त्याचा आस जरा वाकलाय आणि अर्ध्या आफ्रिकेवर चहाचा डाग आहे, पण दोरा लावायला चालतो. लंडन-न्यूयॉर्कपेक्षा माद्रिद-न्यूयॉर्कने जास्त मजा येते, कारण दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, चाळीस अंशांच्या जरा वर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी आडवी ठेवली की झालं, नाकासमोर पश्चिमेला. पण गोलावर माद्रिदवर बोट दाबून दोरा न्यूयॉर्कपर्यंत ताणला की तो आपोआप वर सरकतो. सरळ पश्चिमेला राहायला तो तयारच होत नाही. मध्यावर तो ४६ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि मग खाली उतरतो. पट्टीच्या रस्त्याने सुमारे ५,९३० किलोमीटर होतात, दोऱ्याच्या रस्त्याने ५,७६०. मनूने दोरा तीन-चारदा जबरदस्तीने खाली ओढून आडव्या रेषेवर बसवला, सोडला की टुणकन वर. "याला खालून जायचंच नाहीये," ती म्हणाली. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ साली नकाशा काढला तो होकायंत्राची दिशा धरून जाणाऱ्या जहाजांसाठी. त्यात दिशा नीट राहतात, पण अंतरांचे हाल होतात. तो नकाशा आपल्या डोळ्यांत इतका बसलाय की विमानातल्या पडद्यावर आपलं विमान वाकड्या वाटेने चाललेलं दिसलं की लोकांना वाटतं, पायलट लांबून नेतोय. रिक्षाबद्दल वाटतं तसं.

दर्यावर्दींच्या आणि विमानवाल्यांच्या मैलाचं मला नेहमी कौतुक वाटतं. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. हा आकडा असा अर्धवट का, तर तो गोलावरच्या एका कलेची लांबी आहे, अंशाचा साठावा भाग. म्हणजे एक अंश सरकलात की साठ मैल. किलोमीटरही मुळात पृथ्वीवरूनच बेतलेला आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांनी ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर असं ठरवलं. म्हणून जगातले कुठलेही दोन विमानतळ एकमेकांपासून जास्तीत जास्त किती लांब असू शकतील याचं उत्तर इतकं गोळीबंद येतं: वीस हजार किलोमीटर, वर चार-दोन दहा. त्याच्या पुढे जायला निघालात तर जवळ यायला लागाल.

आता पायलटच्या घाईबद्दल.

मनूचा पुढचा तर्क होता की पृथ्वी फिरते म्हणून असं होत असणार. विमान वर गेलं की खालून पृथ्वी सरकते. तर्क वाईट नव्हता, फक्त उलटा पडत होता. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे न्यूयॉर्क लंडनकडे सरकायला हवं आणि जातानाच वेळ कमी लागायला हवा. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरते. चालत्या रेल्वेच्या डब्यात उडणारी माशी मागच्या भिंतीवर आपटत नाही, तसंच. पण पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आडवाटेने येतोच. विषुववृत्ताकडची तापलेली हवा ध्रुवांकडे निघते आणि फिरत्या पृथ्वीमुळे तिची वाट पूर्वेकडे वळते. जिथे गरम आणि गार हवेची सीमा अगदी ठळक असते तिथे, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, वाऱ्याचे अरुंद जोरकस पट्टे तयार होतात. नेमक्या आपल्या विमानांच्याच उंचीवर. यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही तिथली रोजची गोष्ट, हिवाळ्यात कधीकधी चारशेच्या वरही.

हे वारे पद्धतशीर मोजणाऱ्या पहिल्या माणसाची गोष्ट मला फार लागते. वासाबुरो ओइशी हे जपानी हवामानशास्त्रज्ञ १९२०च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचे. वर इतका प्रचंड वारा आहे हे त्यांच्या लक्षात आलं. जगाला कळावं म्हणून त्यांनी १९२६ मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला, सगळ्या जगाची म्हणून मुद्दाम घडवलेल्या भाषेत. सगळ्या जगाच्या भाषेत लिहिलं आणि जगात जवळजवळ कोणी वाचलं नाही. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं उंचावरून जपानवर गेली तेव्हा वाऱ्याच्या दिशेने ती भलत्याच वेगाने पुढे फेकली जायला लागली आणि वाऱ्यासमोर जागच्या जागी रखडल्यासारखी झाली. ओइशींचं तेव्हा कोणाला आठवलं असेल असं वाटत नाही.

लंडन-न्यूयॉर्कच्या मधल्या महासागरावर रस्ते रोज नव्याने आखले जातात, वाऱ्याचा अंदाज बघून. पूर्वेकडे जाणाऱ्यांना वारा पाठीशी मिळावा, पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी तो टाळावा. म्हणजे ज्या ५,५४० किलोमीटरवरून आम्ही एवढं भांडलो त्या रेषेवरून मनूची आई गेलीही नसेल. पश्चिमेला जाताना वाऱ्याला वळसा घालून पाच-सहाशे किलोमीटर जास्त उडणं परवडतं, कारण अंतर वाढलं तरी वेळ आणि इंधन वाचतं. ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री वादळाच्या दिवसांत एक जंबो विमान न्यूयॉर्कहून निघून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं. तेवढ्यापुरता त्याचा जमिनीवरचा वेग ताशी तेराशे किलोमीटरच्या वर गेला होता. तरी ते आवाजाच्या पुढे गेलं नव्हतं, कारण ज्या हवेत ते उडत होतं ती हवाच धावत होती. खरोखर आवाजाच्या पुढे जाऊन हेच अंतर काँकॉर्ड या प्रवासी विमानाने ७ फेब्रुवारी १९९६ रोजी २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापलं. दोन्ही विक्रम फेब्रुवारीतले, दोन्ही पूर्वेकडे जातानाचे. मनूचा पहिला, चुकलेला भागाकार काँकॉर्डच्या अगदी जवळ गेला होता, हे तिला सांगितल्यावर ती दोन दिवस खूश होती.

"पण मग फिटंफाट," ती म्हणाली. "जाताना वाऱ्याने जेवढं घेतलं तेवढं येताना परत दिलं." मलाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. आम्ही करून बघितलं. विमान स्वतः ताशी नऊशेने जातंय, वारा शंभरचा. जाताना आठशे, येताना हजार. ५,५४० ला आठशेने भागलं तर ६ तास ५५ मिनिटं आणि थोडं, हजारने भागलं तर ५ तास ३२ मिनिटं. बेरीज सुमारे १२ तास २८ मिनिटं. वारा नसता तर जाऊन-येऊन १२ तास १९ मिनिटं. नऊ मिनिटं गेली कुठे? विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून असतं आणि पाठीशी वारा असताना कमी वेळ. म्हणजे त्रास द्यायला वाऱ्याला वेळ जास्त मिळतो आणि मदत करायला कमी. मनूने हे वहीत जसंच्या तसं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

वाऱ्याशी निदान समजुतीने वागता येतं. माणसांनी घातलेल्या रेघांचं तसं नाही. हेलसिंकी आणि टोकियो यांच्यात गोलावर दोरा ताणला तर आठ हजार किलोमीटरांच्या जरा आत येतो, आणि त्यातला बहुतेक दोरा सैबेरियावर असतो. शीतयुद्धात ते आकाश बंद होतं. १९५७ पासून कोपनहेगनहून टोकियोला जाणारी विमानं उत्तर ध्रुवाकडून अलास्कातल्या अँकरेजला उतरून पुढे जायची. १९८३ मध्ये फिनलंडच्या विमान कंपनीने हेलसिंकी-टोकियो मधे न थांबता सुरू केलं, तेही ध्रुवावरूनच. पुढे रशियाचं आकाश उघडलं आणि हाच प्रवास साडेनऊ तासांवर आला. ही कंपनी युरोप आणि आशिया जोडणारा जवळचा रस्ता म्हणून त्यावर चांगलीच वाढली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, आकाशं पुन्हा बंद झाली आणि त्याच दोन विमानतळांना तेरा तास लागायला लागले. कंपनीने चाळीस वर्षांपूर्वीची ध्रुवावरची वाट परत काढली आणि प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याची प्रमाणपत्रं वाटली. दोन्ही विमानतळ होते तिथेच आहेत. संगणकाला अंतर विचारलं तर तो आजही तेच, आठ हजारांच्या आतलंच सांगतो. त्याला कोणी युद्धाचं सांगितलेलं नसतं.

सगळ्यात लांबच्या विमानप्रवासाचीही गंमत आहे. सिंगापूर ते जेएफके, सुमारे १५,३५० किलोमीटर, अठरा तासांच्या वर. दोरा ताणला तर तो थेट उत्तर ध्रुवाजवळून जातो. पण सिंगापूरहून निघालेलं विमान बऱ्याचदा पॅसिफिकवरून पूर्वेकडे जातं, वारा घेत. आणि दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडच्या ऑर्क्नी बेटांमधला वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हा प्रवास: २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, चांगला वारा मिळाल्यावर त्रेपन्न सेकंद. १९६७ पासून चालू आहे. त्या विमानात माझी वही म्हणजे नुसती धांदल होईल. 'उडालं' लिहून मान वर करेपर्यंत 'टेकलं'.

छोट्या प्रवासात भागाकार जास्तच फसतो. बऱ्याच देशांत दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉट, म्हणजे तासाला २५० सागरी मैल किंवा साधारण ४६० किलोमीटर, याच्या वर जायला बंदी असते. तासाभराच्या प्रवासात विमानाचा निम्मा वेळ चढण्यात आणि उतरण्यात जातो. विमान नऊशेने उडतं म्हणतात ते खरं, पण तेवढा वेग गाठून कुठे जरा स्थिर होतंय तोवर खुर्च्या सरळ करायची सूचना येते. आणि त्याआधी जमीन आहेच. ॲम्स्टरडॅमच्या विमानतळाची एक धावपट्टी २००३ मध्ये सुरू झाली, ती मुख्य इमारतीपासून इतकी लांब आहे की तिथे उतरल्यावर विमान पंधराएक मिनिटं नुसतं चालत राहतं. मधे एक महामार्गही पुलावरून ओलांडतं. खाली मोटारी आणि वर आपण, चाकांवर.

माझ्या वहीतलं सगळ्यात वाईट पान 'निघालं' आणि 'उडालं' यांच्या मधलं आहे. निघालं ६:१०, उडालं ७:५२. विमान मागे ढकललं, इंजिनं सुरू झाली, थोडं पुढे गेलं आणि उभं राहिलं. पुढे रांग, त्यात पाऊस. दर वीस मिनिटांनी आवाज यायचा की आणखी वीस मिनिटं. कोणाचं तरी बाळ रडून रडून झोपलं, उठलं आणि परत झोपलं. आणि कागदावर आम्ही निघालो होतो. दार बंद होऊन विमान हललं की निघण्याची नोंद पडते, त्यामुळे कंपनीच्या दप्तरात त्या दिवशीचं प्रस्थान अगदी वेळेवर होतं. हे मला माझ्या रकान्यांमुळेच कळलं, त्यामुळे रागावू की वहीचे आभार मानू ते सुचेना.

वेळापत्रक करणाऱ्यांना हे सगळं माहीत असतं. म्हणून ते दीड तासाच्या प्रवासाला दोन तास दहा मिनिटं लिहितात. रांग, वारा, उतरण्याआधी आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्या, सगळ्याची भर आधीच घातलेली. वर अमेरिकेसारख्या ठिकाणी छापलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवरच मानतात. 'आपण वीस मिनिटं लवकर पोचलो आहोत' अशी घोषणा झाली की लोक एकमेकांकडे बघून हसतात, कोणी टाळ्याही वाजवतं. ती वीस मिनिटं आपलीच होती, आधी काढून ठेवलेली. पण मला हसायचा अधिकार नाही. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. घरातल्या प्रत्येकाला ते माहीत आहे, प्रत्येकजण मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करतो आणि तरीही ते घड्याळ आहे म्हणून आम्ही वेळेवर निघतो.

तारखेची भानगड मनूला सांगावी की नाही हे ठरत नव्हतं, पण तिने गोलावरची ती नागमोडी वाररेषा, जी ओलांडली की वार बदलतो, ती बघितलीच. सामोआचं आपिया आणि अमेरिकन सामोआचं पागो पागो, मधे पाऊणएक तासाचं विमान. आपियाहून सोमवारी निघालात तर पागो पागोला रविवारी उतरता. घड्याळाचा काटा हलवायला लागत नाही, फक्त दिनदर्शिकेचं पान उलटं फिरवायचं. पूर्वी दोन्हीकडे एकच वार असायचा. मग २०११ च्या अखेरीस सामोआने रेघेची बाजू बदलली आणि त्या देशात ३० डिसेंबर हा शुक्रवार उगवलाच नाही. मनूचा पहिला प्रश्न होता, त्या दिवशी ज्यांचा वाढदिवस होता त्यांचं काय झालं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बहीण परत यायची होती त्या संध्याकाळी मनूने माझी वही मागून घेतली. फोनवर विमानाचं पिवळं चिन्ह सरकत होतं, ती ओट्यापाशी स्टुलावर बसून बघत होती. 'निघालं' आणि 'उडालं' तिने आधीच शोधून लिहिलं होतं. उंचीचा आकडा कमी व्हायला लागला तशी ती बोलायची थांबली. चिन्ह विमानतळाच्या अलीकडे आलं आणि तिथे एक गोल फिरलं. मग आणखी एक. "मावशी, हे काय करतंय?" रांगेत असेल, मी म्हटलं. तिसरा गोल अर्धवट सोडून ते सरळ झालं. ४:३८ ला टेकलं. तिने लिहिलं आणि स्टुलावरून उतरून चपला शोधायला लागली.

"अगं, अजून नाही."

"टेकलं ना पण."

४:५५ ला थांबलं. तेही लिहिलं. चारही रकाने भरले. छापलेल्या वेळेच्या अकरा मिनिटं आधी. मनू दारात जाऊन उभी राहिली, परत आली, परत गेली. पाच वाजून गेल्यावर बहिणीचा फोन आला. विमान थांबलंय, पण दाराला जिना लागायचाय, अजून खुर्चीतच आहे. मग सामानाच्या पट्ट्यापाशी उभी आहे. मग गाडीत बसलेय, पण रस्ता तुंबलाय. मनूने प्रत्येक वेळी "किती किलोमीटर राहिलं?" विचारलं आणि उत्तर आल्यावर काहीच भागलं नाही.

रात्री दोघी झोपल्यावर मी वही बघितली. चौथ्या रकान्याच्या उजवीकडे, समासात, पेन्सिलने एक उभी रेघ मारलेली होती. वर नाव नव्हतं. खाली ७:५० लिहिलं होतं. ते स्वयंपाकघरातल्या घड्याळावरचं होतं, दहा मिनिटं वजा न केलेलं.